ड्रॉवरमधलं बँकेचं पत्र

आमचे हे चोवीस वर्षं फौजेत होते. तेवढ्या काळात मी कितीतरी सरकारी क्वार्टर्स लावल्या आणि रिकाम्या केल्या. निवृत्तीनंतर पुण्यात भाड्याच्या दोन खोल्या घेतल्या. स्वतःचं घर घेऊ, घेऊ म्हणता म्हणता एका सकाळी चहा पितानाच हे गेले.

मग मुलाने मला सिंगापूरला आणलं. पासिर रिसच्या फ्लॅटमध्ये तो, सून आणि नातू. दोघं ऑफिसला गेले की घर आणि नातू माझ्याकडे. त्याबद्दल तक्रार नव्हती हो! पण पुण्यात एक लहानसा फ्लॅट पाहून ठेवला होता, तो माझ्या नावावर व्हावा एवढंच मनात होतं.

फौजेतल्या एका मैत्रिणीने व्हॉट्सअ‍ॅपवर कळवलं, की तिकडची एक बँक माजी सैनिकांच्या विधवांना गृहकर्जाच्या व्याजात सवलत देते. मुलाला म्हटलं, "भर अर्ज." हप्ते माझ्या पेन्शनमधून जाणार होते, त्याच्याकडे काही मागितलं नव्हतं.

अर्जाला काय जोडायचं, तर मी पुन्हा लग्न केलेलं नाही असा दाखला! एकसष्टाव्या वर्षी! शिक्क्यासाठी इथल्या भारतीय वकिलातीत गेलो, तर काउंटरवरच्या साहेबांनी मान वर न करता विचारलं, "दुसरं लग्न?" म्हटलं, "वेळ कुठे मिळाला, साहेब? सकाळी डबे, दुपारी नातू." मुलगा शरमेने खाली बघत बसला.

अर्ज गेला आणि उत्तराचा पत्ता नाही. विचारलं की मुलगा म्हणायचा, "अगं, बँकेचं काम आहे, वेळ लागतो." मी आपली बँकेच्या नावाने बोटं मोडत होते. खाली बाकावर भेटणाऱ्या मराठी बायकांनाही सांगायचे, नवऱ्याने उमेदीची वर्षं सीमेवर घालवली आणि बायकोला साधं उत्तर द्यायला यांना फुरसत नाही.

एक दिवस स्टेपलर शोधताना मुलाच्या ड्रॉवरमध्ये पत्र सापडलं. कर्ज मंजूर, सवलतीसकट. तीन महिन्यांच्या आत मी स्वतः शाखेत येऊन सह्या करायच्या. त्यातले दोन महिने केव्हाच उलटले होते.

संध्याकाळी पत्र त्याच्यापुढे आपटलं. "हे काय आहे रे?"

"आई, चिडू नकोस. याची पीएसएलई आहे यंदा, सहावीची एवढी मोठी परीक्षा. ती झाली की सांगणार होतो."

"म्हणजे मुदत संपल्यावर!"

"पण तुला इथे काय कमी आहे?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "काय कमी आहे? अरे, भिंतीत खिळा ठोकायचा तरी मला सुनेला विचारावं लागतं! बँकेने हो म्हटलं, आणि पोटच्या पोराने पत्र दडवलं?"

"आजी, डोन्ट शाउट लाह," नातू आतून त्याच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाला.

"तू अभ्यास कर," मी म्हटलं.

तिकीट त्यालाच काढायला लावलं. विमानतळावर तो हळूच म्हणाला, "तू गेल्यावर आमचं कसं होणार, आई?"

इतक्या दिवसांत तो पहिल्यांदा खरं बोलला. म्हटलं, "हे पत्र आलं त्या दिवशी विचारलं असतंस, तर सह्या करून आठवड्यात परत आले असते. आता परतीचं तिकीट काढू नकोस."