ताप नसलेल्यांची इंजेक्शनं

ऐंशीच्या सुमारास नाशिकच्या एका खासगी इस्पितळात मी निवासी डॉक्टर होते. तिथं नवा अतिदक्षता विभाग निघाला. दाराशी चपला काढायचा नियम इतका कडक, की उद्घाटनाला आलेल्या नगरसेवकालाही अनवाणी आत यावं लागलं. त्याच्यामागून हार घेऊन घुसलेले कार्यकर्तेही अनवाणीच होते, त्यामुळे स्वच्छतेला बाधा आली नाही.

बेसिन होतं, पण नळाला पाणी नव्हतं. म्हणून स्टुलावर जंतुनाशकाचं पातेलं असायचं आणि शेजारी एकच टॉवेल. सकाळचं गुलाबी पाणी संध्याकाळपर्यंत चहाच्या रंगाचं व्हायचं. आम्ही सगळे त्यातच बोटं बुडवून एका खाटेवरून दुसऱ्या खाटेकडे जायचो.

"काळजी कसली? प्रत्येकाला कव्हर आहे ना!" सर म्हणायचे. सर म्हणजे इस्पितळाचे मालक. कव्हर म्हणजे आलेल्या प्रत्येकाला, ताप असो वा नसो, दोन प्रकारची अँटिबायोटिक्स.

मालेगावचा एक यंत्रमाग कामगार ट्रकची धडक बसून आला. डोक्याला मार होता. त्याच्या भावानं सरांना विचारलं, "डॉक्टरसाहेब, याला ताप तर नाही. मग एवढ्या सुया कशाला?"

"ताप येऊ नये म्हणून."

"आणि तरी आला तर?"

"तर याहून भारी सुया आहेत."

ताप आला. सलाईनच्या जागी हात सुजून पू झाला. सरांनी भारी सुया काढल्या. आमच्या मुख्य सिस्टर भीतभीत म्हणाल्या, "सर, टॉवेल तरी बदलत जाऊ या."

"टॉवेलनं कोणी मेलंय का, सिस्टर?"

त्या माणसाचं डोकं लवकर बरं झालं. नंतर तो आमच्याकडे राहिला तो आम्हीच दिलेल्या हाताच्या दुखण्यासाठी. अखेर बरा होऊन गेला, जाताना सरांच्या पाया पडून गेला.

पुढे एका लग्नाच्या पंगतीतच सरांच्या छातीत कळ आली. त्यांना त्यांच्याच विभागात आणलं. नियमाप्रमाणे मी सिरिंज भरली.

"हे काय?"

"कव्हर, सर."

"मला ताप आहे?"

"नाही, सर."

"मग? पोट बिघडतं त्यानं! आणि थांब, तू हात कुठे धुतलेस?"

मी पातेल्याकडे बोट दाखवलं. सर मान वळवून ते पाणी बराच वेळ बघत राहिले. मॉनिटरवरचे ठोके वाढले, तेव्हा सिस्टरनी धावत येऊन पातेलं उचललं. त्याच दिवशी प्लंबर आला. नळाला पाणी आलं, साबण आला, प्रत्येक खाटेला वेगळा टॉवेल आला. सर एकही अँटिबायोटिक न घेता ठणठणीत होऊन घरी गेले.

त्यानंतर पू होणं खरंच कमी झालं. सिस्टर आणि मी एकमेकींकडे बघून खूश व्हायचो. मग शहरातल्या डॉक्टरांच्या सभेत सरांचं भाषण झालं. आम्हा दोघींना पहिल्या रांगेत बसवलं होतं.

"आमच्याकडे जंतुसंसर्ग जवळजवळ थांबलाय," सर म्हणाले, "आणि याचं श्रेय एकाच गोष्टीला. आम्ही प्रत्येकाला कव्हर देतो."

टाळ्यांचा कडकडाट झाला. सिस्टर माझ्या कानाशी लागल्या, "वाजवा हो डॉक्टर, नाहीतर नळ बंद करतील."

मी वाजवल्या.