पुढच्या वर्षीचा केक

हे मी लिहावं का, याची मला खात्री नाही. चुकलं तर माफ करा. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत शिपाई आहेत. अमेरिकेतल्या लुइझियाना राज्याच्या सणाबद्दल खरं तर तिकडच्याच कुणीतरी लिहायला हवं. पण त्या सणाच्या दिवशी मी एक गोष्ट लपवली आणि ती सांगितल्याशिवाय राहवत नाही.

स्टेट कॉलेज नावाच्या अमेरिकन गावात आम्ही तिघं एका अपार्टमेंटमध्ये राहतो. मी, एक नागपूरचा आणि एक लुइझियानाचा. फेब्रुवारीत मी डिपार्टमेंटच्या मेलची वाट बघत होतो. पुढच्या वर्षी असिस्टंटशिप, म्हणजे फी माफ आणि महिन्याचा पगार, मिळणार की नाही, ते त्यात येणार होतं. नाही मिळाली तर पीएचडी अर्धवट टाकून परत जायचं. आईला हे कसं समजवायचं ते सुचेना, म्हणून ‘निकाल यायचाय’ एवढंच सांगितलं होतं.

लुइझियानाच्या त्या सणाचा, कार्निव्हलचा, शेवटचा दिवस नेहमी मंगळवारीच येतो. आई माझ्यासाठी मंगळवार धरते, म्हणून मीही त्या दिवशी सामिष खात नाही. हे कळल्यावर लुइझियानाच्या मित्राने गंबोत, म्हणजे त्यांच्या दाट रश्श्यात, सॉसेज घालायचं रद्द केलं आणि भेंडी, पालक, कोबीचा पाला असं काय काय आणलं. बाहेर चार दिवसांचा बर्फ काळा पडला होता. तेलात मैदा परतायचं काम माझ्याकडे आलं. तो चॉकलेटच्या रंगावर येईपर्यंत हात थांबवायचा नसतो. मी एका हाताने मेल बघत होतो.

“फोन दे इकडे,” मित्र म्हणाला. “आमच्याकडे हे ढवळताना दाराची बेल वाजली तरी कुणी जागचं हलत नाही.”

फोन त्याने फ्रीजवर ठेवला. भेंडीला तार सुटू नये म्हणून माझी आई किती जपते. इथे ती तार हवीच होती. गंबो भातावर घेऊन आम्ही खाल्लं. चव आवडली, पण माझं लक्ष फ्रीजवर होतं.

मग त्याने स्वतः केलेला गोल केक आणला. वर जांभळी, हिरवी, सोनेरी साखर.

“आत एक बाळ आहे,” तो म्हणाला. “ज्याला सापडेल, त्याने पुढच्या वर्षीचा केक करायचा.”

“केकात अंडं आहे ना बे?” नागपूरकर मला म्हणाला. “ते चालते का तुझ्या मंगळवारला?”

मी तुकडा उचलून तोंडात घातला. दुसऱ्याच घासाला दाताखाली कडक लागलं. बोटाच्या पेराएवढं प्लॅस्टिकचं बाळ. बाहेर काढलं असतं तर दोघांनी टाळ्या वाजवल्या असत्या आणि मला ‘हो, पुढच्या वर्षी मी’ म्हणावं लागलं असतं. मी ते गालात धरलं, मग केकच्या साखरेने माखलेल्या पेपर नॅपकिनमध्ये घेऊन खिशात टाकलं.

केक संपला. मित्र सुरीने उरलेला चुरा उलटापालटा करत राहिला. “घातलं होतं मी. बहुतेक.” नंतर त्याने घरी फोन लावला. “मम्मा, विसरलो वाटतं मी,” असं तो म्हणाला, तेव्हा मी भांडी घासत होतो. मी नळ आणखी मोठा सोडला.

बाळ कचऱ्यात टाकायचा धीर झाला नाही. टेबलावरच्या गणपतीच्या फोटोशेजारी ठेवलं. शनिवारी नागपूरकर माझा चार्जर न्यायला आला.

“अबे, हा बाळकृष्ण कुठून आणला? आणि याला हिरवी साखर कशी लागली?”

मित्र त्याच्या मागे दारातच उभा होता. मग मी सगळं सांगितलं; मेलचंही. मित्र माझ्या पलंगावर बसला, बाळ हातात घेतलं, परत होतं तिथेच ठेवलं.

“मी चार दिवस स्वतःलाच शिव्या देतोय,” तो म्हणाला.

“सॉरी.”

“पुढच्या वर्षी तू इथे असशील का, हे मी विचारलंच नव्हतं. जिथे असशील तिथे केक करशील का?”

“करेन.”

“शब्द?”

“शब्द.”

“अंडं घालूनच करजो,” नागपूरकर म्हणाला.

रविवारी मित्राकडून केकची कृती विचारून वहीत मराठीत उतरवून घेतली. पीठ किती वेळ फुगवायचं, दालचिनी कधी, बाळ भाजल्यानंतर खालून कसं खुपसायचं. आईला फोनवर बाळाचं सांगितलं. “मंगळवारी बाळ हाती आलं, म्हणजे चांगलंच होणार,” ती म्हणाली.

पुढच्या मंगळवारी सकाळी कॅम्पस बसमध्ये उभा असताना डिपार्टमेंटचा मेल आला. त्यांना खेद होता. मे महिन्यानंतर मला असिस्टंटशिप देता येणार नव्हती.