उमेंद्र कोणाकोणाच्या घरी गेला

सुई टोचण्याआधी उमेंद्र ती तळहातामागे लपवायचा. पोराला शाळेतल्या मास्तरची नक्कल करायला लावायचा. रिपोर्टची घडी नाव आत ठेवून घालायचा. बाजारात पेशंट भेटला, तर आधी ओळख दाखवायचा नाही. त्याची बायको मंजू चिडवायची, "गाव याले वळखते, अन् हा कोणालेच वळखत नाही!"

तो देवरीच्या एका खासगी लॅबमध्ये रक्त तपासायचा. आमचं गाव चिचगडपलीकडच्या जंगलात. गावाचं नाव लिहीत नाही. उमेंद्र आणि मंजू सोडून बाकीची नावंही बदलली आहेत.

तीन वर्षांपूर्वी त्याने गावातल्या पोरापोरींची सिकलसेल या आनुवंशिक रक्तदोषासाठी तपासणी केली. तेवीस जणांच्या रक्तात दोष निघाला. तो फक्त त्यांच्या घरच्यांना कळला. आमच्याकडे या एका शब्दावर सोयरिकी मोडतात.

यंदा मार्चमध्ये लॅबच्या संगणकातल्या फाइली चोरीला गेल्या. मालक म्हणाला, फाइलींना सांकेतिक कुलूप आहे, गप्प बसा. उमेंद्र माझ्याकडे आला. ते कुलूप तोडायला आजच्या संगणकांना लाखो वर्षं लागतील, असं त्याने वाचलं होतं. पण मोठा क्वांटम संगणक तयार झाला, तर काही तास पुरतील. तोवर चोर फाइली नुसत्या सांभाळून ठेवतात.

"दहा-पंधरा वर्षांनी कोण विचारणार आहे?" मी म्हणालो.

"त्या तेवीसातली एक पोरगी आता आठ वर्साची हाय, तवा लग्नाची होईल. पासवर्ड बदलवता येते गा. रक्त कसं बदलवू?"

दुसऱ्या दिवसापासून तो त्या तेवीस जणांच्या घरी जाऊ लागला. दार लोटून, फाइली चोरीला गेल्याचं हळू आवाजात सांगायचा. आठव्या घरापर्यंत गावाने ओळखलं. उमेंद्र दार लोटून बसतो, त्या घरात सिकल.

त्या आठांतल्या एका घरच्या दुर्गेश्वरीची सोयरीक मोडली. लग्न ठरलेल्या मुलाला तिने आधीच सांगितलं होतं. त्याच्या घरच्यांना नाही.

तिची आई धुरपता चौकात त्याच्यासमोर उभी राहिली. "कुलूप तोडाले लय मोठी मशीन लागते म्हणे! तुह्या दोन पायांनीच काम केलं ना गा!"

कोणीतरी हसलं.

दोन दिवस तो घराबाहेर पडला नाही. मग त्याने गावातल्या प्रत्येक घरी जायचं ठरवलं. ज्यांचं रक्त कधी तपासलंच नव्हतं, त्यांच्याही. दार लोटायचं, चहा प्यायचा, धानाबद्दल बोलायचं, तेवढाच वेळ बसायचं. मग कोणत्या घरात काय, ते कोणालाच सांगता आलं नसतं.

ऐंशी वर्षांच्या बकारामने विचारलं, "काऊन गा, माह्या लग्नाले काही अडचण हाय का?"

उमेंद्र त्या महिन्यात तेवढाच हसला.

कामावरून आल्यावर तो रोज तीन घरं करायचा. मागच्या मंगळवारी कामावरून परतताना जंगलातल्या वळणावर ट्रकने त्याची गाडी उडवली. तो जागीच गेला.

गावाची वरची टोली, म्हणजे वरची वस्ती, पूर्ण झाली होती. खालच्या टोलीत एकतीस घरं आहेत. तिथे तो फक्त दोन घरी गेला होता, पहिल्या आठांतल्या. ती दोन अजून वेगळी दिसतात. एकोणतीस राहिली.