पहिल्या वर्गाची सिंहली परीक्षा

एक ओळ मी चुकीच्या जागी टाइप केली आणि कोलंबोतल्या अकरा बड्या इंग्रज साहेबांची झोप उडवली.

साहेबांच्या पगारश्रेणी नव्याने ठरत होत्या. सिंहलीची परीक्षा पास झाल्याखेरीज पुढची पगारवाढ नाही, ही अट असते नवख्या साहेबांना, म्हणजे चौथ्या वर्गाला. मी ती घातली पहिल्या वर्गाखाली. पंचवीस-पंचवीस वर्षं नोकरी झालेली, गव्हर्नरांच्या पंक्तीला बसणारी माणसं ती!

आमचे हेडक्लार्क चेल्लप्पाअण्णा जाफन्याचे. ताडगुळाचा खडा दाताखाली धरून कोरा चहा पिणार, आणि कागद मोठ्यांदा वाचून घेतल्याशिवाय सही करणार नाहीत. एकाने वाचायचं, दुसऱ्याने मूळ कागदाशी ताडायचं, ही त्यांची तीस वर्षांची रीत. त्या दिवशी मात्र त्यांची दाढ ठणकत होती. मी म्हटलं, "अण्णा, ताडलंय मी सगळं." त्यांनी वाचून न घेताच सही केली. निवृत्तीला उरला होता महिना, आणि हलगर्जीचा शेरा बसला की पेन्शनला कात्री.

छापील मसुदे साहेबांच्या टेबलांवर पोचल्यावर चूक अण्णांनाच दिसली.

"विल्मट, हे तू ताडलंस? कशाशी, स्वतःच्या कपाळाशी?"

"आता काय हो, अण्णा?"

"आता हार्कोर्टसाहेबांचं बोलावणं. दुसरं काय!"

तीन दिवस झाले, बोलावणं येईना. चौथ्या दिवशी हार्कोर्टसाहेब, म्हणजे आमच्या कचेरीचे मुख्य आणि त्या अकरांतलेच एक, जाता जाता शिपायाला चक्क सिंहलीत नमस्कार करून "आयुबोवन" म्हणाले. शिपाई बिचारा दचकून भिंतीला टेकला. पलीकडच्या साहेबांनी एका भिक्खूंची शिकवणी लावल्याचीही खबर आली. अण्णांनी चहाचा पेला खाली ठेवला.

"अरे, हे तर आपल्यापेक्षा जास्त घाबरलेत! परीक्षा झेपणार नाही, हे आधी बोलणार कोण?"

लगेच त्यांनी दुरुस्तीपत्रक काढलं, माझ्याकडून तीनदा मोठ्यांदा वाचून घेतलं आणि स्वतः आत नेलं. मी दाराला कान लावून उभा. आत खुर्ची करकरली, आणि मग साहेब खदाखदा हसले.

अण्णा बाहेर आले ते चिठ्ठी घेऊन. 'चेल्लप्पांच्या दक्षतेमुळे गंभीर चूक वेळीच टळली. त्यांच्या सेवापुस्तकात तशी नोंद व्हावी.' ते बाकावर मटकन बसले आणि कोरडा चष्माच पुसत राहिले.

मी हळूच विचारलं, "अण्णा, आता माझ्यावरचा राग गेला ना?"

"पहिली पेन्शन हातात पडू दे, मग विचार."