पार्सलच्या काट्यावर

एकोणिसाव्या वर्षी माझं वजन छत्तीस किलो होतं. हे मला परभणीच्या दवाखान्यात कळलं, कारण त्याआधी कुणी मला काट्यावर उभंच केलं नव्हतं. मॅट्रिक झाल्यावर मी नर्सिंगच्या ट्रेनिंगसाठी अर्ज केला होता. यादीत नाव लागलं होतं, आता फक्त शरीराची तपासणी उरली होती. चुडाव्याहून सकाळच्या पॅसेंजरनं वडील मला घेऊन आले. त्यांना आम्ही दादा म्हणायचो. ते रेल्वेत गँगमन होते, रुळांची राखण करणारे. त्यांनी त्या दिवशी खाकी सदरा घरी ठेवून लग्नाकार्यातलं धोतर नेसलं होतं.

तपासणाऱ्या डॉक्टरीणबाई पन्नाशीच्या होत्या. मराठी बोलता बोलता मधेच उर्दूत शिरायच्या. त्यांनी माझ्या डोळ्यांच्या पापण्या ओढून पाहिल्या, नखं दाबून पाहिली, छातीला नळी लावली, रक्त घेतलं. मग विचारलं, "जेवतेस कुणाबरोबर?"

मला प्रश्नाचा रोख कळला नाही. मी म्हणाले, मायबरोबर, सगळ्यांचं झाल्यावर.

"सगळ्यांचं म्हणजे?"

म्हणजे दादांचं आणि माझ्या दोन धाकट्या भावांचं, असं मी सांगितलं. त्यांनी दादांना आत बोलावून घेतलं आणि बसायला खुर्ची दिली. दादा बसले नाहीत.

"मुलगी आजारी नाही तुमची," बाई म्हणाल्या. "उपाशी आहे."

दादांनी मान खाली घातली. "घरात जवारी हाय बाई," ते एवढंच म्हणाले.

ते खरंच होतं. घरात ज्वारी होती, डाळ होती. पण तीन वर्षांपूर्वीच्या दुष्काळात ती नव्हती. दादांचा पगार होता, पण बाजारात धान्य नव्हतं. बाहेरून आलेली लाल मिलो ज्वारी मिळायची, तिची भाकरी थापतानाच तुटायची. तेव्हा मायनं आणि मी एकमेकींशी काही न बोलता ठरवून टाकलं होतं की आधी बाकीच्यांचं होऊ द्यायचं. मग टोपलीत जे राहील ते दोघींत वाटून घ्यायचं. कुणी विचारलं तर भूक न्हाई म्हणायचं. दुष्काळ सरला, पाऊस झाला, ज्वारीला कणसं आली. आमची सवय मात्र राहून गेली. पोटच लहान झालं होतं. अर्धी भाकरी खाल्ली की मला खरोखरच पुरे व्हायचं. गावातल्या बायका मला काडी म्हणायच्या, वाऱ्याच्या दिवशी हातात धोंडा घेऊन चाल म्हणायच्या. मी हसायचे, आणि घरी येऊन बाह्या खाली ओढून बसायचे.

बाईंनी तीन महिने दिले. एक्केचाळीस किलो होऊन ये, जागा तोवर राहील, म्हणाल्या. एका कागदावर त्यांनी काय काय करायचं ते लिहून दिलं. जंताची गोळी, लोहाच्या गोळ्या. दिवसातून पाच वेळा थोडं थोडं खाणं. शेंगदाणे, गूळ, तीळ, सालीची मूग डाळ, अंडं, दूध. जेवणाआधी चहा नाही, कारण चहानं भूक मरते. घरात बसून राहायचं नाही, कामं करायची, रात्री भरपूर झोपायचं. जाताना दादांना म्हणाल्या, "हिला तुमच्या शेजारी बसवा. एवढं करा."

परतीच्या गाडीत दादा खिडकीबाहेर बघत राहिले. पूर्णा जंक्शन आल्यावर माझ्यासाठी फुटाण्याची पुडी घेऊन आले. मी त्यांच्यापुढे पुडी धरली, तर त्यांनी हात मागे घेतला.

घरी आल्यावर त्यांनी मायला सांगितलं की आजपासून पोरगी आमच्या पंगतीला बसंल. दवाखान्यात काय झालं ते मी मायला सांगितलं, तेव्हा ती चुलीपुढची राख पुन्हा पुन्हा सारखी करत राहिली.

मला मात्र तीन महिने फार वाटत होते, आणि पाच किलो फार थोडे. पूर्ण्याची मावशी दोनच दिवसांनी आली, तिनं माझी सगळी चिंता मिटवली. तिच्या माहितीतल्या एका पोरीचं वजन म्हणे पंधरा दिवसांत वाढलं होतं. सकाळी उपाशीपोटी डझनभर केळी आणि वर तांब्याभर दूध, बस्स. दादांच्या कामावरच्या जोडीदारानं नांदेडकडून केळीचा अख्खा घड आणून दिला. डॉक्टरीणबाईंचा कागद मी पत्र्याच्या पेटीत ठेवला आणि केळी खायला बसले. पहिल्या दिवशी सात गेली, दुसऱ्या दिवशी नऊ. तिसऱ्या दिवशी माझं पोट जे बिघडलं ते चार दिवस थांबलं नाही. मायनं ज्वारीच्या कण्यांची पातळ पेज आणि ताक पाजून मला उभं केलं. उरलेला घड भावांनी आणि त्यांच्या मित्रांनी दोन दिवसांत संपवला.

त्या रविवारी दादा मला स्टेशनवर घेऊन गेले. तिथं पार्सलचा काटा होता. लोखंडी पाट, त्याला उभा दांडा, वर आडव्या पट्टीवर सरकवायचं वजन. मिरचीची पोती आणि भाजीच्या करंड्या त्यावर चढायच्या. दुपारची गाडी निघून गेली की स्टेशन रिकामं व्हायचं. स्टेशनमास्तर बाहेरगावचे, एकटे राहणारे गृहस्थ होते. दादांनी त्यांना आधीच सगळं सांगून ठेवलं होतं. मी पाटावर चढले तसे ते गंभीर चेहऱ्यानं दादांना म्हणाले, "पार्सल नाजूक आहे. आदळू नका."

पस्तीस किलो भरले. एक किलो मी केळ्यांच्या नादात घालवला होता. घरी आल्यावर मी पेटी उघडली, तो कागद काढला आणि आरशामागे खोचला.

मग खरी सुरुवात झाली. दिवाळी नुकतीच सरली होती, थंडी पडायला लागली होती, आणि आमच्याकडे खाण्याचे दिवस तेच. सकाळी उठल्यावर मूठभर भिजवलेले शेंगदाणे आणि गुळाचा खडा. नऊच्या सुमारास भाकरी आणि घट्ट वरण. आधी आमचं वरण पातळ असायचं, सगळ्यांना पुरावं म्हणून. आता माय माझ्यासाठी तळातलं काढून ठेवायची. दुपारी पुन्हा भाकरी, सोबत हरभऱ्याची कोवळी भाजी, जवसाची नाहीतर तिळाची चटणी, वर कच्चं तेल. चार वाजता तुरीच्या उकडलेल्या शेंगा. त्या माय कामावरून ओच्यात घेऊन यायची. ती दुसऱ्यांच्या रानात मजुरीला जायची. दादांनी दोन कोंबड्या आणल्या. त्यातली एक नेमानं अंडं द्यायची, दुसरी नुसती ओरडायची.

दूध गावातल्या एका काकूंकडून यायचं. त्यांच्या घरी दोन म्हशी होत्या, रान होतं. आमचं घर बौद्धवाड्यात, गावाच्या कडेला. दूध आणायला आम्ही त्यांच्या ओसरीच्या पायरीपर्यंत जायचो आणि त्या वरून आमच्या गंजात ओतायच्या. लहानपणापासून ते तसंच होतं आणि मला ते लागायचं. एक दिवस मी पोटाच्या दुखण्यानं गेले नाही, तर साडेसातच्या सुमारास काकू स्वतः आमच्या दारात उभ्या. हातात त्यांच्याच घरचा पितळी पेला, त्यात दूध.

"नर्स व्हायलीस म्हणं तू," त्या म्हणाल्या. "मंग माझ्या सुनंच्या बाळंतपणाला तूच ये. पी आधी, थंड व्हायलंय."

मी त्यांच्या देखत पेल्याला तोंड लावून प्यायले. त्यांनी पेला परत घेतला, पदरात धरला आणि निघून गेल्या. मायनं कितीतरी वेळ त्या गेल्या त्या वाटेकडे पाहिलं. त्यानंतरही पायरीवर दूध वरूनच ओतलं जायचं, सासऱ्यांच्या देखत काकूंचं काही चालत नसावं. पण माप भरून झाल्यावर त्या एक धार जास्त घालायच्या, एवढं खरं.

दर रविवारी काटा. छत्तीस झाले, साडेछत्तीस, सदतीस. आणि मग सलग दोन रविवार काटा सदतिसावरच राहिला. मास्तर म्हणाले पट्टीला गंज चढला असेल, आणि खरंच तेल घालून पाहिलं. दोष पट्टीचा नव्हता. तो कुठं होता ते मला माहीत होतं.

दादांच्या शेजारी बसून मला जेवण जायचं नाही. माझ्यासमोर चुलीपाशी माय भाकरी थापत असायची, गरम भाकरी एकेक करून आमच्या ताटात टाकायची, आणि तिचं ताट भिंतीला टेकवून उभं असायचं. मी तिची पंगत सोडली होती आणि ती तिथं एकटी राहिली होती. मग मी अर्धं अंडं भाकरीखाली दडवायचे आणि नंतर तिला द्यायचे. ती नको म्हणायची, मी शपथ घालायचे. तळातलं वरणही तसंच तिच्याकडे परत जायचं.

डिसेंबरातल्या एका रविवारी मी हट्टानं मायला स्टेशनवर नेलं. मास्तरांनी मला तोललं, पुन्हा सदतीस. मग मी मायला म्हणाले, आता तू चढ.

"मी काय मिरचीचं पोतं हाय का?" ती म्हणाली. पण मास्तर बाजूला सरले, आणि त्यांच्यापुढे वाद घालायचं तिला बरं वाटेना. पदर घट्ट आवळून, चपला काढून ती पाटावर चढली. मास्तरांनी पट्टीवरचं वजन सरकवलं, मागं घेतलं, आणखी मागं घेतलं. दांडा स्थिर झाला तेव्हा त्यांनी आकडा मोठ्यानं सांगितला नाही. दादा वाकून जवळ गेले आणि त्यांनी स्वतः वाचला. चौतीस.

दादा सरळ झाले. मायकडे बघत राहिले, जणू ती कुण्या परगावाहून आत्ता गाडीतून उतरली होती.

"तू कामून सांगितलं न्हाईस?" ते म्हणाले.

"मला तरी कुठं म्हाईत होतं," माय म्हणाली आणि चपला पायात घालू लागली.

त्या संध्याकाळी दादा ताटावर बसले आणि जेवेनात. मायनं भाकरी टाकली, तर म्हणाले, तुझं ताट घे. ती म्हणाली, भाकरी कोण करणार? तव्यावरची भाकरी सोडून बसता येत नाही, हे खरंच होतं, आणि दादांना उभ्या जन्मात गार भाकरी चालली नव्हती. मग दादाच म्हणाले, "सगळ्या करून घे. फडक्यात गुंडाळून ठेव. आमी थांबतो."

आम्ही थांबलो. भाऊ भुकेनं कुरकुर करत होते, दादा त्यांना दटावत होते. शेवटची भाकरी उतरल्यावर मायनं हात धुतले, ताट घेतलं आणि कुठं बसावं ते न कळून उभी राहिली. दादा सरकले. ती त्यांच्या आणि माझ्या मधे बसली, अंग चोरून, पाहुणी बसते तशी. पहिले काही दिवस तिला फार अवघड गेलं. दर दोन घासांनी ती उठायची, कुणाला पाणी, कुणाला मीठ. दादांनी मीठ आणि तांब्या मधोमध ठेवायला सुरुवात केली. भाकरी कोमट असायची, कधी वातड. दादांनी त्याबद्दल कधी चकार शब्द काढला नाही.

माझं अंडं आता मला दडवावं लागेना. दुसऱ्या कोंबडीनंही मनावर घेतलं होतं. जानेवारीत हुरडा आला, आणि मी भूक लागली म्हणून स्वतःहून उठून टोपली उघडू लागले. किती तरी वर्षांनी मला भूक अशी ओळखू आली. मी विहिरीवरून दोन घागरी एका दमात आणू लागले. काट्यावर एकोणचाळीस, चाळीस, आणि फेब्रुवारीच्या सुरुवातीला साडेएक्केचाळीस. मास्तरांनी त्या दिवशी स्वतःच्या डब्यातला लाडू मला दिला आणि म्हणाले की आता पार्सल जरा आदळलं तरी चालेल.

परभणीला जाताना मला धास्ती होती, कारण दवाखान्याचा काटा वेगळा. तो एक्केचाळीसवर थांबला, जेमतेम. डॉक्टरीणबाईंनी काट्याकडे एकदाच पाहिलं. पापण्या मात्र नीट ओढून पाहिल्या, माझा दंड हातात धरून पाहिला. मग कागदावर सही केली. दादा दाराशी उभे होते. बाईंनी त्यांना पुन्हा खुर्ची दाखवली, आणि या वेळी ते बसले.

मार्चमध्ये मी हॉस्टेलवर राहायला गेले. पहिली सुट्टी मिळायला चार महिने लागले. दुपारच्या गाडीनं कुणाला न कळवता चुडाव्याला उतरले आणि घरी पोचले, तर भाऊ शाळेत होते आणि घरात दोघंच जेवत बसलेले. माझ्याकडे पाहून मायनं हातातला घास खाली ठेवला आणि थोडी ओशाळली. तिचे गाल भरले होते. हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत घसरायच्या त्या आता मनगटावरच थांबत होत्या. मी विचारलं, काट्यावर गेली होतीस का? ती म्हणाली, एकदा चढले तेवढं बस झालं.

दादा हात धुवायला बाहेर गेले तेव्हा ती हळूच मला म्हणाली, "तू गेल्यापासून तुझ्या दादाला एकट्याला घास उतरत न्हाई. दुपारी लाईनीवरून येतेत आन् मी बसंपर्यंत तसंच बसून राहतेत. मंग मला बी बसावं लागतंय."

तक्रार केल्यासारखं ती सांगत होती. मग उठून तिनं माझ्यासाठी ताट आणलं.