पुसलं तरी गातच होती

२०२३ साल. मी चौऱ्याहत्तर वर्षांचा होतो. चौथी शिकलेला; कामठीत पॉवरलूम दुरुस्त करण्यात उमर गेली. नागपूरच्या घरात एकटाच. पुण्यात राहणाऱ्या माझ्या मुलीने तिचा जुना लिनक्सचा कॉम्प्युटर माझ्याकडे ठेवला, वहीत चार कमांड लिहून दिल्या. अडलं की फोन करा, म्हणाली. मी कधी केला नाही. एवढी मशीनं हाताखालून गेली, हा डबा काय चीज!

त्यात माझ्या बायकोचा व्हिडिओ होता. भुलाबाईची गाणी म्हणतानाचा, अख्ख्या दुपारचा. ती गेल्यावर मी तो सकाळीच लावून ठेवायचो. घरात कोणी आहे असं वाटे.

एका दुपारी पडद्यावर आलं, डिस्क भरली. वहीत पाहून सगळ्यात मोठी फाइल शोधली. नावात नुसते आकडे. पुसून टाकली. जागा पाहिली, तेवढीच. पुन्हा पाहिली, तेवढीच. लूम अडला की मी आधी तो बंदच करत असे. तसं कॉम्प्युटरच्या बटणावर बोट ठेवलं, तर समोरच्या यादीत बायकोचं चित्र असलेला व्हिडिओ दिसेना. म्हणजे मी पुसलेली आकड्यांची फाइल तिच्याच व्हिडिओची होती. अन् स्पीकरवर ती गातच होती.

फोन लावला.

"तुझ्या आईची फाइल पुसली मी. पण गाणं चालू आहे वं. जागाही नाही सुटली."

"बाबा, बटणाले हात नका लावू! नाव गेलं, फाइल आहे. व्हिडिओ चालवणाऱ्या प्रोग्रॅमनं धरून ठेवली. तो बंद झाला की जागा सुटंल, अन् आईही जाईल."

"अन् लाइट गेली तर?"

"म्हणून तर लवकर करा."

ती एकेक अक्षर सांगत गेली, मी एका बोटाने दाबत गेलो. पंखा फिरतो की नाही, मधूनमधून वर पाहत होतो. फाइल पेनड्राइव्हवर उतरली. तिथून लावून पाहिली, गायली.

"इतके दिवस काहून नाही केला फोन?"

"काम नव्हतं."

"वा! अन् आज निघालं. आता पडद्यावरची व्हिडिओची जुनी खिडकी बंद करा."

हात होईना. ती थांबली. मग केली बंद. डिस्कवर लगेच जागा झाली. घरात आवाज उरला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा झाल्यावर व्हिडिओ लावला नाही. मुलीला फोन केला.

"आता काय पुसलं?" ती म्हणाली.

"काही नाही. असाच केला."