माळ्यावरच्या गाद्या

आमच्या अकोल्याची ख्याती उन्हाची. थंडीला इथे कोणी मोजत नाही, म्हणून ती आली की आमची फजिती होते. शाळेतल्या माझ्या एक सहकारी बाई दर नाताळाला पांघरुणं गोळा करायच्या. त्यांच्या चर्चची माणसं नाताळच्या आदल्या दिवशी सकाळी स्टेशनाबाहेर, उघड्यावर राहणाऱ्यांना गाद्या, ब्लँकेटं, कानटोप्या, साबण असं वाटत. मागच्या डिसेंबरात त्यांनी विचारलं, "सर, तुमच्याकडे काही आहे का?" मी फुशारकीने म्हणालो, "आमचा माळा भरलाय."

भरला होता खरा. माझे वडील भिक्षुकी करायचे. माणूस गेला की तेराव्याला त्याच्या नावाने शय्यादान करतात. कोरी गादी, उशी, पांघरूण, वर हळदकुंकू, आणि ते सगळं भटजीला. गेलेल्याला तिकडे निजायला अंथरूण मिळावं ही त्यामागची समजूत. वडिलांनी आयुष्यभर ते घेतलं, असं दान घेतल्याचा दोष उतरावा म्हणून प्रत्येक दानापाठी नेमाने जप केला आणि गादी माळ्यावर टाकली. विकायची नाही, वापरायची नाही. लहानपणी त्या माळ्याची मला भीती वाटे. मोठेपणी भीती गेली आणि चीड आली. एवढा कापूस उंदरांसाठी ठेवायचा का, म्हणून आमचं कितीदा तरी वाजलं.

विचारलं तर नाही म्हणतील, म्हणून ते देवळात गेल्यावर मी गाद्या खाली काढल्या, झटकल्या, उन्हात घातल्या आणि मालाच्या ऑटोत कोंबल्या. शेवटची एक काही केल्या मावेना. ती परत माळ्यावर ढकलली.

ऑटो गेला आणि माझी घालमेल सुरू झाली. ज्या गादीला आमच्या घरात कोणी पाठ टेकवली नाही, ती मी दुसऱ्याला देत होतो, आणि ती कसली हे त्याला सांगतही नव्हतो. बाईंनाही सांगितलं नव्हतं. हे दान की अडगळ काढणं? वर्गात फळ्यावर गणित अर्धं टाकून मी दोनदा खिडकीशी जाऊन उभा राहिलो. पोरं एकमेकांकडे पाहू लागली.

वाटपाच्या सकाळी स्टेशनाबाहेर धुकं होतं. माझ्या हातून एक गादी एका म्हातारीकडे गेली. तिने ती लगेच पसरली नाही. दुकानात कापड पारखणाऱ्या गिऱ्हाइकासारखी कोपरा उलटून पाहू लागली. तिथे कुंकवाचा डाग होता.

"हे शेजदानाची व्हय ना भाऊ?"

माझे कान तापले. ती आता गादी अंगावर फेकेल असं वाटलं. पण ती डागावरून अंगठा फिरवत राहिली.

"म्या बी देल्ली होती. तेल्हाऱ्याले. माहा मालक गेला तवा. घरच्या कापसाची, पिंजून आनलेली. त्याले कडक अंथरून चालत नोतं." मग तिने माझ्याकडे पाहिलं. "मंग निजते का कोनी त्या गाद्यांवर? का तशाच पडून राह्यतेत? पडून राह्यली तं त्याले तिकडं काय भेटन?"

घर गेलं, पोरगा सुरतेला गेला तो गेलाच, हे तिने बाईंना आधीच सांगितलं होतं. तिच्याजवळ एवढी एकच चौकशी उरली होती, आणि ती तिने माझ्याकडे केली.

"निजतात, माय," मी म्हणालो. "भटजी स्वतः निजतात."

"तुले काय ठाव?"

"मी भटजीचाच पोरगा आहे."

"मंग बरं झालं," ती म्हणाली, आणि गादी पसरून तिच्यावर बसली.

बाई चहाला थांबा म्हणाल्या, मी थांबलो नाही. घरी आलो, बूटही न काढता शिडी लावली आणि उरलेली गादी खाली ओढली. भरदुपारी बैठकीत ती अंथरून आडवा झालो. एकाला तरी निजायलाच हवं होतं. पण झोप कसली येते! या कुशीवरून त्या कुशीवर होत राहिलो.

"काय करून राहिला तू?" वडील दारात उभे होते.

मी उठून बसलो आणि सगळं सांगितलं. माळा रिकामा केल्याचं, म्हातारीचं, आणि त्यांच्या नावावर बोललेल्या खोट्याचं. ते चिडतील म्हणून मी भांडणाच्या तयारीतच होतो.

"तेल्हाऱ्याची म्हणते?"

"हो. तुम्ही जायचे ना तिकडे?"

"लय डाव गेलो." ते गादीकडे पाहत राहिले. "कोनती कोनाची, आता मले बी नाही सांगता येत. तिची आज गेली, का हेच तिची हाय, का अजून कोना भटजीकडे पडली."

मला त्यांचा राग यायचा तो कुठे गेला कळेना. मला फक्त वाईट वाटत होतं. त्यांच्यासाठी, तिच्यासाठी, आणि कोण जाणे कुणाकुणासाठी.

"सरक तिकडं," ते म्हणाले.

मी सरकलो. माझ्या खांद्याचा आधार घेत, गुडघे सांभाळत ते खाली बसले, आणि आयुष्यात पहिल्यांदा दानाच्या गादीवर आडवे झाले.

"मऊ हाय," ते म्हणाले, आणि भिंतीकडे तोंड फिरवलं.